मार्चमधले अनुदान आणि न उघडलेले गठ्ठे

सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाचा हप्ता मार्चमध्ये मिळणार, ही बातमी वाचली. रक्कम किती, यापेक्षा ती कधी हाती पडते हे महत्त्वाचे आहे. 31 मार्चपूर्वी खर्च दाखवायचा म्हणून जास्त सवलतीचे पुस्तकांचे तयार गठ्ठे उचलले जातात. वाचकांची मागणी-नोंदवही कोणी उघडतही नाही. पुढे प्रत्येक पुस्तकाची दाखलनोंद (नोंदवहीतली नोंद), वर्गांक (विषयानुसार क्रमांक), शिक्के, पाठीवरची चिठ्ठी. पुस्तकामागे दहा मिनिटे धरली तरी तीनशे पुस्तकांना पन्नास तास लागतात, आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीच्या, ग्रंथालयात माणूस बहुधा एकच. तोवर पावसाळा लागतो. सुतळीने बांधलेले गठ्ठे भिंतीला टेकून असतात. ओल खालच्या पुस्तकांत शिरते आणि बुरशी आधी बांधणीच्या खळीला धरते.

महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठीच्या वेगळ्या कराची, तरतूद नाही; म्हणून भिस्त अनुदानावर राहते. कर्नाटकात 1965 च्या कायद्याने तो मालमत्ता करासोबत घेतला जातो (वसुलीच्या तक्रारी तिथेही आहेतच). उपकर दूरची गोष्ट असेल, तर निदान पुस्तकखरेदीच्या रकमेचा हिशेब देण्यास सप्टेंबरपर्यंत मुदत द्यावी.

– एक वाचक, सातारा