तक्रार : बॅकअपमधल्या मूळ नोंदी बदलल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : बॅकअप आणि विश्लेषणाच्या एकत्रित पॅकेजमुळे दूध संकलनाच्या मूळ नोंदी गेल्याबाबत.

महोदय,

आमची २१२ सभासदांची गावची दूध संस्था. बॅकअपच्या पैशांत विश्लेषण फुकट, असे सांगून तुमच्या प्रतिनिधीने आम्हाला पॅकेज दिले आणि वर्षाची फी आम्ही आगाऊ भरली. खोटे कशाला बोलू, रिपोर्ट उपयोगी पडले. कोणत्या गल्लीतले संध्याकाळचे दूध घटतेय, ते संचालकांना मोबाइलवर दिसू लागले.

मागच्या महिन्यात २९ तारखेला रात्री संकलनाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. २१ ते ३० चे बिल तोंडावर होते. तुमच्या मदत केंद्रातल्या मुलाने दोन तासांत डेटा परत चढवून दिला, म्हणून त्याचे आभारही मानले. घोळ कळला तो बिले वाटल्यावर.

एक आजी दहा दिवसांच्या पावत्या पिशवीत घेऊन काउंटरवर आल्या. पावतीवर सकाळी ४ लिटर, फॅट ६.२ आणि संध्याकाळी ३ लिटर, फॅट ७.१. बिलावर मात्र दोन्ही वेळा मिळून एकच ओळ : ७ लिटर, फॅट ६.६. त्यांच्या शेजाऱ्यांची म्हैस आटत आलेली. म्हैस आटू लागली की दूध कमी होते आणि फॅट चढते, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असते. तुमच्या प्रणालीने १० च्या वरचे फॅट ‘अशक्य’ ठरवून त्या नोंदीच उडवल्या. एकाच नावाच्या दोन चुलतभावांची खाती, कोड ४७ आणि ७४, ‘डुप्लिकेट’ म्हणून एक केली. एकाचे दूध गाईचे, दुसऱ्याचे म्हशीचे. पैसे गेले एकाच्याच खात्यावर. बांधावरून त्या दोघांचे बोलणे आधीच बंद आहे, त्यामुळे दोघेही मलाच बोलतात.

फोनवर तुमचे म्हणणे असे की, विश्लेषणासाठी डेटा ‘क्लीन’ करावाच लागतो. करा की! पण वेगळी प्रत काढून तिच्यावर करा. तुम्ही रोज रात्री बॅकअपच साफ केलात आणि तोच जपून ठेवलात. मागच्या सात दिवसांच्या आवृत्त्या आहेत म्हणता, त्याही साफ केलेल्याच. डिस्क जाईपर्यंतची बिले बरोबर निघाली, कारण ती आमच्या कॉम्प्युटरवरून निघत होती. स्क्रीनवर रोज यायची ती हिरवी खूण रिपोर्ट तयार झाल्याची होती, बॅकअप तपासल्याची नव्हे, हे आता कळतेय.

हे एक बिल मी आणि टेस्टरने तीन रात्री बसून पावत्यांवरून पुन्हा उभे केले. पण दिवाळीला सभासदांना मिळणारा दरफरक वर्षभराच्या दुधावर निघतो. इतक्या जुन्या पावत्या कोण सांभाळून ठेवतो?

चूक आमचीही आहे. पूर्वी मी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत काढून घरी नेत असे, ते तुमच्या भरवशावर बंद केले. या शनिवारपासून पुन्हा सुरू केले आहे.

मूळ, न बदललेल्या नोंदींची एखादी प्रत तुमच्या सर्व्हरवर कुठेही असेल तर ती ८ दिवसांत द्यावी. नसेल तर तसे लेखी द्यावे, लेखापरीक्षकांपुढे ठेवावे लागेल. यापुढे आमच्या बॅकअपला विश्लेषणाचा हात लागता कामा नये. त्याची प्रत रोज दुसरीकडे उतरवून तिच्यावर रिपोर्ट चालवा. डेटा परत चढतो की नाही, तेही त्यात आपोआप तपासले जाईल. भरलेली फी परत मिळावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव संचालक मंडळाने केला आहे.

आणखी एक. मी तक्रारीचा फोन ठेवला की लगेच ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल’ असा मेसेज येतो. तो तेवढा आजच बंद करावा.

आपला,
सचिव, सहकारी दूध उत्पादक संस्था

सोबत : ४३ सभासदांच्या पावत्या व बिलांच्या झेरॉक्स