शेवंती आणि उजवीकडची खिडकी

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

आईचा गुडघा बरा आहे, मीही ठीक आहे. लिहिण्याचे कारण निराळे आहे. पांढऱ्या शेवंतीचे ते मोठे तैलचित्र पुरे झाले. सावलीतली फुले टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगात आहेत, पण डाव्या खिडकीकडच्या पाकळ्या नळीतून काढलेल्या टायटॅनियम व्हाइटच्या, राठ केसांच्या ब्रशाने एकेका फटकाऱ्यात उभ्या केलेल्या आहेत.

ज्यांनी चित्र घेतले, त्यांच्या दिवाणखान्यात खिडकी उजवीकडे आहे. काल तिथे लावून पाहिले, तर रंगाच्या प्रत्येक कंगोऱ्याची खरी सावली डावीकडे पडली, म्हणजे मी जिथे ऊन रंगवले आहे नेमकी तिथेच, आणि फुले मलूल दिसली. पातळ रंगातला उजेड केवळ रंगवलेला असतो. जाड रंग मात्र खोलीतल्या उजेडाचेच ऐकतो. घरचे म्हणतात, कंगोरे खरवडून टाक. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्यामुळे वर साय धरली तरी आतला रंग अजून काही महिने मऊच राहील. म्हणजे खरवडणे शक्य आहे, आणि तेच मला छळते आहे.

पन्हाळ्यावर तू किती भांडला होतास, की भिंत ठरल्याशिवाय चित्र काढूच नये! चहा निवला आणि सरांनी आपले दोघांचे पैसे तुलाच द्यायला लावले. व्हॅन गॉगने १८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्ल येथे सूर्यफुले रंगवली ती त्याचा चित्रकार मित्र गोगँ याच्या खोलीसाठी, हा तुझा दाखला खराच होता. पण ती चित्रे त्या खोलीतून केव्हाच निघाली आणि तरी टवटवीत राहिली, हे माझे म्हणणे तू ऐकून घेतले नाहीस. आता वाटते, त्यांत पडछाया जवळजवळ नाहीच, म्हणून तर ती कोणत्याही भिंतीवर शोभत असतील का?

तुझ्या नव्या घराचे वाचून आनंद झाला. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

त्यांपैकी एक चित्र तुझ्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. या रविवारी जा, समोरून पाहून झाले की बाजूला उभा राहा, आणि उजेड कुठून येतो व कंगोऱ्यांची सावली कुठे पडते ते सविस्तर लिही. तोवर मी शेवंतीला सुरी लावणार नाही.

तुझा,
अविनाश