रविवारी सुट्टी जमेला, दंडाला नाही

प्रति,
प्रधान नोडल अधिकारी,
तक्रार निवारण विभाग, मुंबई

दिनांक : ३० ऑक्टोबर २०२५

विषय : एनईएफटीची रक्कम उशिरा जमा करून कर्जाचा हप्ता परत पाठवल्याबद्दल, तसेच रद्द केलेल्या मँडेटवर (हप्ते कापायला दिलेल्या संमतीवर) पैसे कापल्याबद्दल

महोदय,

काल दुपारी आपल्या बँकेच्या कस्टमर केअरशी तेवीस मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवायच्या आतच तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद केल्याचा मेसेज आला, म्हणून आता हे पत्र थेट आपल्याला. एनईएफटी म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणं आणि एनएसीएच म्हणजे ठरलेले हप्ते खात्यातून आपोआप कापणं, हे आपल्याला समजावत बसत नाही. आपल्या फोनवरच्या माणसांना मात्र कोणीतरी समजवा.

शनिवारी, ४ ऑक्टोबरला संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी दुसऱ्या बँकेतल्या माझ्याच खात्यातून आपल्याकडच्या बचत खात्यात ४०,००० रुपये एनईएफटीने पाठवले. व्यवहाराचा यूटीआर नंबर सोबतच्या स्टेटमेंटवर आहे. एनईएफटीची बॅच दर अर्ध्या तासाला सुटते, म्हणजे ही रक्कम रात्री ८ च्या बॅचची. बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे खात्यात पडायला हवेत, पाडता येत नसतील तर त्याच मुदतीत पाठवणाऱ्या बँकेकडे परत जायला हवेत. रात्री १० पर्यंत यातलं काहीच झालं नाही. रविवारी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी मेसेज आला, की गृहकर्जाचा ३१,४६० रुपयांचा हप्ता परत गेला, कारण ‘बॅलन्स अपुरा’. खात्यात ६,२१२ रुपये होते, कारण बाकीचे तुमच्याकडे अडकले होते. त्याच रविवारी रात्री ११ वाजून ४७ मिनिटांनी रिटर्न चार्ज ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० कापले गेले. आणि सोमवारी सकाळी १० वाजून १७ मिनिटांनी, काउंटर उघडून सगळे स्थिरस्थावर झाल्यावर, ४०,००० जमा.

कर्ज देणाऱ्या कंपनीने मंगळवारी हप्ता पुन्हा लावला, तो गेला. त्यांनीही बाउन्स चार्ज म्हणून ५९० घेतले. त्यांचा दोष नाही. त्यांना तुम्ही कळवलंत की ग्राहकाकडे पैसे नाहीत.

७ ऑक्टोबरला तक्रार नोंदवली, तेव्हापासून उशिराची तीन कारणं मिळाली आहेत. शाखेत सांगितलं, पाठवणाऱ्या बँकेने उशीर केला. ईमेलवर कळवलं, शनिवारी रात्री सिस्टिम मेन्टेनन्स होतं. फोनवर सांगितलं, रविवारी सुट्टी होती. आपसात ठरवून एकच सांगितलं असतं तरी चाललं असतं. पाठवणाऱ्या बँकेने ७.४२ लाच पैसे कापले आणि ८ च्या बॅचमध्ये दिले, त्यांचं लेखी उत्तर सोबत आहे. रक्कम जमा झाल्याचा तुमचा एन-१० मेसेज त्यांना सोमवारी १०.१७ ला मिळाला, तेही त्यात आहे. म्हणजे मधले अडतीस तास पैसे तुमच्याच कुठल्यातरी सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात बसून होते. मेन्टेनन्स असेल, तर त्याच सिस्टिमने रविवारी पहाटे एनएसीएचची फाइल उघडून बॅलन्स तपासला आणि हप्ता परत कसा पाठवला? आणि सुट्टीचं म्हणाल तर एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, बाराही महिने चालू आहे आणि एनएसीएच १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारीही चालतं. रविवारी हप्ता येणार, हे तुम्हाला चार वर्षं माहीत आहे.

आता कालचा फोन. मराठीसाठी तीन दाबलं, हिंदी आली. ते सोडून देतो, मुंबईत त्याची सवय आहे. संवाद जसा झाला तसा देतो, रेकॉर्डिंग आपल्याकडे आहेच.

“सर, रविवारी बँकेला सुट्टी असते, म्हणून क्रेडिट सोमवारी झालं.”
“मग रविवारी रात्री पावणेबाराला दंड कोणी कापला?”
“तो सिस्टिमने कापला, सर. ऑटोमॅटिक असतो.”
“आणि पैसे जमा कोण करतं?”
“तेही सिस्टिमच करते, सर.”
“म्हणजे सिस्टिमला अर्धीच सुट्टी होती?”

यावर चार मिनिटं होल्ड. मग सुपरवायझर. त्यांनी कागद बघितला नव्हता, पण सल्ला तयार होता: “सर, ईएमआयच्या दोन-तीन दिवस आधीच पैसे ठेवत जा. आणि अर्जंट असेल तर आयएमपीएस करायचं ना.” म्हणजे बँकेने दोन तासांचं काम अडतीस तासांत केलं, त्यावर उपाय ग्राहकाने करायचा. दोन-तीन दिवस आधी पैसे ठेवायचे, तेही तुमच्या अडीच टक्के व्याजावर! पुढे त्यांनी सांगितलं, की ‘एक वेळचं सौजन्य’ म्हणून २५० रुपये जमा करत आहोत, यापुढे या विषयावर तक्रार घेतली जाणार नाही. दंड ५९०, सौजन्य २५०. हा आकडा कुठल्या तक्त्यातून आला विचारलं, तर म्हणाले, “सर, माझ्या स्क्रीनवर मॅक्सिमम तेवढंच दाखवतंय.” आणि शेवटी, “आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी!

सौजन्य मागितलेलंच नाही. एनईएफटी उशिरा जमा केली, तर रिझर्व्ह बँकेचा रेपो दर अधिक दोन टक्के या दराने उशिराचं व्याज ग्राहकाला द्यायचं असतं, आणि तेही त्याने मागायची वाट न बघता. त्या दिवशी रेपो ५.५० टक्के होता, म्हणजे ७.५० टक्के. ४०,००० वर दोन दिवसांचे १६ रुपये ४४ पैसे. हसू नका. रक्कम छोटी आहे हे मलाही दिसतं. पण हे सोळा रुपये आपोआप जमा झाले असते, तर उशीर तुमचा होता हे तुमच्याच नोंदीत आलं असतं, आणि मग ५९० चा दंड लावायला जागाच राहिली नसती. म्हणूनच ते दिलेले नाहीत, असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर दुरुस्त करा.

व्हॅल्यू डेटचंही तेच. बचत खात्याचं व्याज २०१० पासून रोजच्या शिलकेवर काढतात, त्यामुळे रक्कम कोणत्या तारखेने धरली याला अर्थ असतो. माझ्या ४०,००० ची व्हॅल्यू डेट तुम्ही ६ ऑक्टोबर लावली आहे, ४ नाही. दंडाची मात्र बरोबर ५ ऑक्टोबर, रविवार. स्टेटमेंटवर या दोन ओळी एकाखाली एक आहेत. अंधेरी स्टेशनच्या पुलावर तुमची रात्रंदिवस सोबत असल्याची मोठी जाहिरात लागली आहे. दंडाच्या बाबतीत ती अगदी खरी आहे.

दुसरी तक्रार, वेगळी नोंदवली होती, पण तुम्ही ती पहिलीत घुसडून दोन्ही एकत्र बंद केल्या. बंद केलेल्या ब्रॉडबँड कनेक्शनचं एनएसीएच मँडेट १८ सप्टेंबरला शाखेत लेखी रद्द केलं. अर्जावर मँडेटचा यूएमआरएन नंबर आहे, तुमचा शिक्का आणि सही आहे. तरी १० ऑक्टोबरला १,१७९ रुपये गेले. शाखेचं म्हणणं, “ते कंपनीकडून बंद करून घ्या.” साफ चूक. मँडेट बँकेकडे रद्द केल्यावरही पैसे कापले गेले तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची, असं रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात लिहिलं आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे परत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. तुम्ही २८ ऑक्टोबरला परत केले. १२ ते २८ म्हणजे १७ दिवस, १,७०० रुपये. हेही न मागता द्यायचे असतात. मेसेजमध्ये नुसतं ‘रिव्हर्सल’ एवढंच आहे.

आणखी एक. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर ग्राहकाला कळवण्याआधी ती तुमच्या अंतर्गत लोकपालांपुढे जावी लागते. ५९० मागितल्यावर २५० देणं म्हणजे अंशतः फेटाळणंच. सुपरवायझरने होल्डवरून परत येऊन तक्रार बंद केली, ती चार मिनिटांत अंतर्गत लोकपालांनी पाहिली का? त्यांच्या निर्णयाची तारीख कळवा.

येणं असं आहे : तुमचा दंड ५९०, कर्जकंपनीला भरलेले ५९० (पावती सोबत), उशिराचं व्याज १६.४४ आणि मँडेटचे १,७००. एकूण २,८९६ रुपये ४४ पैसे. त्यातून तुमचं सौजन्य २५० वजा करा, राहिले २,६४६ रुपये ४४ पैसे. व्हॅल्यू डेट ४ ऑक्टोबर करा आणि बचत व्याजाचा फरक त्यावर काढा. शिवाय बँकेच्या लेटरहेडवर एक पत्र हवं, की ५ ऑक्टोबरचा हप्ता बँकेकडच्या विलंबामुळे परत गेला, खातेदाराने पैसे वेळेत पाठवले होते. सिबिलला फरक पडणार नाही, असं सुपरवायझर म्हणाले. सिबिलचं राहू दे, कर्जकंपनीच्या स्वतःच्या नोंदीत बाउन्स लागला आहे, उद्या व्याजदर कमी करून मागायला गेलं की तोच काढून दाखवतील. एनएसीएचचा हप्ता न वटणं कायद्याने चेक न वटण्यासारखंच धरलं जातं, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ बघा. असली नोंद तुमच्या सुट्टीपायी माझ्या नावावर नको.

पहिल्या तक्रारीला ६ नोव्हेंबरला तीस दिवस होतात. त्यानंतर हेच कागद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांच्या पोर्टलवर जातील. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. तिथेही नाही जमलं तर ग्राहक आयोग आहेच. हप्त्याचं मँडेट दुसऱ्या बँकेत हलवायचा फॉर्म भरून ठेवला आहे, फक्त ते पत्र मिळायची वाट आहे.

उत्तर ईमेलवर, लेखी द्या. आणखी काही मदत हवी का हे विचारायला फोन करू नका.

आपला,
एक बचत खातेदार

सोबत : दोन्ही बँकांची स्टेटमेंट, पाठवणाऱ्या बँकेचं उत्तर, कर्जकंपनीची पावती, शिक्का मारलेला मँडेट रद्द केल्याचा अर्ज