नवी गाडी नको, स्प्रिंग बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

फोनवर ‘थँक्यू काका’ म्हटलं की तुम्ही ‘बरं बरं, फिल्टर धुतला का?’ विचारता आणि विषय तिथेच संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. मुलांना मोटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींना, घालणाऱ्या बाकीच्या आईबापांच्याही कामाला येईल.

लेक ६५ सीसीवरून ८५वर आली आणि तिचा वेगच गेला. वळणाआधी सगळ्यांच्या ब्रेकने पडलेल्या खड्ड्यांवर मागचं चाक उडून बाजूला फेकलं जायचं, म्हणून ती वळणाच्या दोन गाड्यांच्या लांबीइतकं आधीच गॅस सोडायची. आमचं निदान तयार होतं: पोरगी घाबरते. ट्रॅकवरच्या एकाने मागचा नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्या सांगितलं, दुसऱ्याने गाडीच बदला. तुम्ही खिशातून टेप काढली.

तुम्ही काय मोजलंत ते इथे मांडतो, कारण निम्म्या गाड्यांवर हे कोणी मोजलेलंच नसतं. गाडी स्टँडवर, मागचं चाक लोंबतं ठेवून अ‍ॅक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत ५४० मिमी. गाडी आपल्या चाकांवर उभी केली, ४८५. मग लेक हेल्मेट-बुटांसकट फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभी, कोणीतरी हँडल धरलेलं, ४४५. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने ५५ बसते आणि रायडरसकट ९५. हे ९५ बरोबरच होतं, मागचं चाक एकूण जेवढं वर-खाली होतं त्याच्या साधारण एक तृतीयांश. चुकलं होतं ते ५५. ते तीसच्या आसपास हवं.

इथे सगळे फसतात. गाडी नुसती उभी असताना एवढी बसते म्हणजे स्प्रिंग नरम, आवळा तिला दाबून धरणारी रिंग, असं कोणीही म्हणेल. खरं उलट असतं. कंपनीने स्प्रिंग दिली ती बऱ्याच जड पोरासाठी, आणि आमच्या ३८ किलोच्या मुलीच्या वजनाने ती दबेचना. ९५ आणण्यासाठी आम्ही रिंग सोडत सोडत पार ढिली केली होती, म्हणून रिकामी गाडी भसकन खाली बसत होती. स्प्रिंग नरम नव्हे, कडक होती. तुम्ही एक नंबर नरम स्प्रिंग घातलीत, रिंग थोडी आवळून पुन्हा ९५ आणलं, आणि नुसत्या गाडीचं माप ३० आलं. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, स्प्रिंगाही त्याच हिशेबाने बदलल्यात; नुसता मागचा भाग नरम केला तर गाडी वळणात पुढून रुंद जाते. पैसे घेतलेत ते फक्त स्प्रिंगांचे. त्यावर वाद घालून काही उपयोग नसतो, हे आता कळलंय.

फोर्कमधली हवा काढायची सवयही तुमचीच. गरम झाल्यावर आत दाब साठतो आणि फोर्क विनाकारण कडक लागतो. पुढचं चाक हवेत ठेवून वरचा स्क्रू सोडायचा, फुस्स झालं की लगेच बंद. चाक जमिनीवर असताना सोडला तर आत उलट दाब बसतो. फोर्कच्या सीलमधून तेल झिरपलं तर सील बदलायची घाई करायची नाही. पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलच्या कडेने फिरवली की अडकलेली मुरमाची कच बहुतेक वेळा बाहेर येते. गाडी छोट्या हत्तीत चढवताना पुढचं टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालायचा, म्हणजे पट्टे आवळताना फोर्क पूर्ण दबत नाही. तो ठोकळा तुम्ही दिलेलाच आहे. त्यावर ‘विसरू नये’ असं तुमच्या अक्षरात लिहिलंय, आणि तरी एकदा विसरलो.

पेट्रोलचं म्हणाल तर ४०:१, म्हणजे पाच लिटरला १२५ मिली टू-स्ट्रोक ऑइल. आधी कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिन सुरक्षित’ या आमच्या शहाणपणावर तुम्ही हसलात. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकातून, तेवढंच मिश्रण जाणार. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटलं, म्हणजे हवा जास्त आणि इंजिन गरम. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासायचा. गाडी आठ दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करायची, कारण हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि छोटा जेट आधी बुजतो.

गोव्याला प्रॅक्टिसला निघालो तेव्हा तुम्ही दिलेली पितळी जेटची पुडी मात्र आम्हाला उगाच वाटली होती. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. घाट उतरलं की हवा दाट होते आणि पुण्यात जमवलेल्या मिश्रणात तिथे पेट्रोल कमी पडतं. मेन जेट एक नंबर मोठा. खात्री कशी करायची तेही सांगितलंत: सरळ पट्ट्यात पूर्ण गॅसवर घ्यायची, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं, स्पार्क प्लग काढून बघायचा. चहासारखा तपकिरी असेल तर चालू द्या. पांढरट असेल तर पिस्टन चिकटायच्या वाटेवर आहे. आमचा पहिला प्लग पांढरट निघाला होता, पुडी खिशातच होती.

आता लेकीबद्दल. स्प्रिंग बदलल्यावर ब्रेक ती बराच आत मारायला लागली, पण उडीत गाडीचं नाक वर जायचं. तुम्ही गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक गिअरमध्ये जोरात फिरवलंत, तिचा हात सीटवर ठेवायला लावला आणि एकदम ब्रेक दाबलात. गाडी पुढे झुकल्याचा झटका तिच्या हाताला बसला. चाकाचं फिरणं थांबलं की ते गाडीच्या अंगात येतं. हवेत नाक वर गेलं तर मागचा ब्रेक, सोबत एक बोट क्लचवर, नाहीतर इंजिन बंद पडून उतरताना पंचाईत. नाक खाली गेलं तर गॅस. दहा वेळा तोंडी सांगून जे झालं नव्हतं ते त्या झटक्याने झालं.

तिचे बेत तुम्हाला माहीत आहेतच. ८५च्या ज्युनियर गटात राष्ट्रीय सुपरक्रॉस (स्टेडियममधलं मोटोक्रॉस), पुढच्या वर्षी पुढे १९ आणि मागे १६ इंची चाकांची मोठी ८५, मग १२५ टू-स्ट्रोक. २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीग झाली तेव्हा परदेशी रायडर्सपेक्षा तिचं लक्ष ८५ सीसीच्या पोरांकडेच होतं. कपाटाच्या दारावर हरित नोआचा फोटो आहे. केरळमधल्या शोरणूरचा हा मुलगा पाच वेळा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता झाला आणि २०२४ला डाकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीत रॅली-२ गटात पहिला आला. तिने तुम्हाला ‘काका, मी पण डाकार’ असं सांगितलं तेव्हा तुम्ही चाकाचे स्पोक वाजवून ताण बघत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘आधी या मोसमात प्रत्येक मोटो पूर्ण कर.’ मोटो म्हणजे शर्यतीची एक फेरी. घरी येताना ती गाडीत गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पाना घेऊन स्पोक वाजवत बसली. ‘टण’ आवाज येतो तो ठीक, ‘थप’ येतो तो ढिला. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त आवळायचा नाही, हे आता ती आम्हाला सांगते.

टायरची हवा, चेन किती सैल हवी ते बघायला तिच्या खाली घालायची तीन बोटं, हवेचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन मग साबणाच्या पाण्यात, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, हे सगळं तिच्या वहीत आहे. मुरमावर १३ पीएसआय, चिखलात ११. वहीच्या पहिल्या पानावर तुमची ती तीन मापं आहेत, ५४०, ४८५, ४४५, आणि त्यांच्याखाली नव्या स्प्रिंगची. ती दर महिन्याला वजन करते. तुमच्या सांगण्यावरून दोन किलो वाढले की टेप काढायची. परवा चाळीस भरले.

इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा अवर मीटर १९ तासांवर आलाय. तुम्ही म्हटल्याप्रमाणे विसाव्या तासाला इंजिन उघडून पिस्टन आणि त्याची रिंग बघायची, तेव्हा रविवारी गाडी घेऊन येतो, धुऊन. गॅस्केट किट आणलंय. मजुरीचं पाकीट या वेळी तुमच्या मिसेसकडे देणार आहोत, तुमच्याकडे नाही.

आपले,
लेकीचे आई-बाबा