आधी हद्द सांगा, मग आकार

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जगातील मोठ्या शहरांचा तक्ता वाचला. त्यात न्यूयॉर्कच्या खाली काही ओळींवर ब्रुकलिन हे वेगळे शहर म्हणून आले आहे. न्यूयॉर्कच्या 88 लाखांत ब्रुकलिनचे 27 लाख आधीच धरलेले असल्यामुळे ती माणसे दोनदा मोजली गेली. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

ब्रुकलिन हे एकेकाळी खरोखरच शहर होते. 1834 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि 1890 च्या जनगणनेत ते अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे शहर ठरले. विलीनीकरणासाठी 1894 मध्ये जे मतदान झाले, त्यात ब्रुकलिनकरांचा कौल अवघ्या 277 मतांनी बाजूने पडला, आणि 1 जानेवारी 1898 पासून ते न्यूयॉर्कच्या पाच 'बरों'पैकी, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांपैकी, एक झाले. तेथील लोक आजही अभिमानाने स्वतःला ब्रुकलिनचे म्हणवतात, पण महापौर, तिजोरी आणि पोलीस दल संपूर्ण न्यूयॉर्कसाठी एकच आहे. माझ्या मते शहर ठरवण्याची खरी कसोटी हीच असावी, की कर कोण घेतो आणि त्या कराचा हिशेब कोणाला विचारता येतो. लोकसंख्येवर जायचे म्हटले तर क्वीन्स हा दुसरा बरो 2020 च्या जनगणनेत 24 लाख 5 हजारांचा होता, आणि 2011 मध्ये आपल्या नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्याही जवळपास नेमकी तेवढीच होती. तरी नागपूर शहर आहे, क्वीन्स नाही. (लंडनमध्ये मात्र वेस्टमिन्स्टर हा बरो असूनही त्याला शहराचा दर्जा आहे, पण तो राजाज्ञेने मिळालेला मान आहे.)

उलट पिंपरी-चिंचवड पाहा. रस्त्याने जाताना पुणे कोठे संपले ते नवख्याला कळत नाही, पण 1982 पासून तेथे स्वतःची महानगरपालिका आहे, म्हणून ते शहरच.

हे सारे मला दूरचे वाटत नाही, कारण मी मनीषनगरच्या पलीकडे बेसा येथे राहतो. नोकरीची सारी वर्षे सीताबर्डीला ये-जा करण्यात गेली, पत्त्यात 'नागपूर' लिहितो, बाहेरगावी कोणी विचारले तर नागपूरचाच म्हणतो. परंतु घरपट्टी नगरपंचायतीत भरतो आणि महापालिकेच्या निवडणुकीत मला मत नाही. माझी नात शाळेच्या प्रकल्पासाठी शहराचा नकाशा रंगवत होती, तेव्हा तिची पेन्सिल हद्दीच्या रेषेवर थांबली आणि तिने विचारले, "आजोबा, आपण नागपुरात धरायचे की नाही?" मी तिला वहीत दोन रकाने आखायला सांगितले, एक महापालिकेचा आणि दुसरा लागून वाढलेल्या सलग वस्तीचा. जनगणनेतही हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे दिले जातात. 2011 मध्ये महापालिका हद्दीबाहेरची लगतची वस्ती धरून नागपूरचा आकडा सुमारे 24 लाख 97 हजार झाला होता.

दोन्ही आकडे बरोबर आहेत; मात्र एका शहराचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन तुलना केली की सगळा घोळ होतो. त्याच तक्त्यात चीनमधील चोंगछिंग 3 कोटींहून अधिक लोकसंख्येमुळे सर्वांच्या वर आहे. पण त्या 'शहरा'चे क्षेत्रफळ सुमारे 82 हजार चौरस किलोमीटर आहे आणि आपला अख्खा विदर्भ 97 हजारांचा. त्यात डोंगर, शेती, खेडी, सारे आले. त्या मापाने मोजायचे तर गडचिरोलीचे जंगलही नागपुरात धरावे लागेल.

आगामी जनगणनेचे आकडे आले की असे तक्ते पुन्हा छापले जातील. तेव्हा प्रत्येक शहरापुढे क्षेत्रफळ आणि हे दोन्ही रकाने द्यावेत, तसेच न्यूयॉर्कच्या दुहेरी मोजणीची दुरुस्ती येत्या रविवारच्या अंकात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
बेसा, जि. नागपूर