वेदूच्या गोळ्या आणि गावाकडची सुट्टी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परीक्षा आटोपली की वेदू तुमच्याकडे येतोय. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटाशिवाय उघडत नाहीत, म्हणजे जवळजवळ अख्खा उन्हाळा तो गावी राहील. यंदा त्याच्या पिशवीत एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चंचलपणाच्या त्रासावरच्या, गोळ्याही असतील. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "सुट्टीत अभ्यास नाही, तर गोळी कायले? बंद कर, पोट्टं अंगानं भरू दे." तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुमचा हा प्रश्न मी सेवाग्रामच्या डॉक्टर मॅडमना विचारला. काही मुलांची गोळी सुट्टीत थांबवतात, वजन-उंची भरून यावी म्हणून, असं त्या म्हणाल्या. पण वेदूचं काम फक्त अभ्यासापुरतं नाही. विहिरीच्या काठावर चढणं, चालत्या ट्रॅक्टरमागे धावणं, बैलांच्या शिंगांपाशी जाणं, यात विचार येण्याआधी पाय पुढे पडतो त्याचा. शेतावर ते जास्त धोक्याचं. म्हणून पुढच्या तपासणीपर्यंत गोळी चालू ठेवायची. बंद करायची की नाही ते वजन पाहून त्याच ठरवतील. आपण आपल्या मनानं मध्येच बंद करायची नाही, एवढं माझं ऐका.

आता भुकेचं. आई, हा भाग तुझ्यासाठी आहे. या गोळीनं मेंदूत लक्ष धरून ठेवणारी रसायनं वाढतात, आणि त्यांच्यामुळेच भूक दबते. सकाळी गोळी घेतली की दुपारी त्याच्यासमोर पुरणपोळी ठेव, तरी तो दोन घास खाऊन उठेल. त्याला तुझ्या हातचं आवडत नाही असं मनात आणू नकोस. घास भरवू नकोस, रागावूही नकोस. जबरदस्ती केली की त्याला जेवणाचीच धास्ती बसते, हे मी इथे पाहिलंय. दुपारी ताक आणि एखादं केळं पोटात गेलं तरी पुष्कळ.

त्याचं खरं जेवण सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री. सकाळी उठल्यावर त्याला चांगली भूक असते. तेव्हा उकडपेंडी कर, तेल जरा सढळ हातानं. नाहीतर तुपातला शिरा, अंडी, दूध. खाणं झालं की मग गोळी. रात्री आठनंतर भूक परत येते आणि मग तो पोटभर जेवतो. वरणावर तूप, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, असं थोडक्यात जास्त ताकद देणारं दे. निजताना परत "भूक लागली" म्हणाला तर "आत्ताच तर जेवलास" म्हणू नये. शेंगदाण्याचे लाडू करून ठेवशील तर तेव्हा कामी येतील.

बाबा, तुम्हाला आकड्याशिवाय पटत नाही, म्हणून एक आकडा लिहिते. अमेरिकेत ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ साली छापून आले. पुढे त्या मुलांची उंची मोजली, तेव्हा औषध सुरू होऊन तीन वर्षं झालेली मुलं औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटरनं कमी भरली. म्हणजे तुमची काळजी खोटी नाही. म्हणूनच मॅडम त्याचं वजन आणि उंची नेमानं मोजतात आणि वहीत लिहितात. सुरुवातीला वजन उतरलं होतं, आता हळूहळू चढतंय. सोसायटीच्या काट्यावर दर रविवारी सकाळी त्याचं वजन तुम्ही कराल का? काटा तोच असावा, वेळही तीच, आणि अंगात एकच हलका शर्ट. आकडा मला कळवा. लागोपाठ दोन-तीन आठवडे उतरत गेला तर मी लगेच दाखवून घेईन.

दुपारी चार-पाचच्या सुमारास गोळीचा जोर ओसरतो. तो तास-दीड तास त्याला फार जड जातो. चिडतो, रडतो, साध्या बोलण्यावर अंगावर येतो. तेव्हा त्याला समजावायला बसलं की आणखीच बिनसतं. आधी काहीतरी खायला द्यायचं आणि मग बाबांनी त्याला गोठ्यात न्यायचं. बैलांना पाणी पाजायला, वैरण टाकायला तो मनापासून येतो आणि अंगातली धग तिथेच जिरते.

झोप उशिरा लागते, हाही गोळीचाच भाग. पहाटे लवकर आटोपून गोळी वेळेत गेली तर रात्र बरी जाते. सकाळची गोळी राहिली आणि दुपारी आठवलं, तर त्या दिवशी देऊ नका. दुसऱ्या दिवशी नेहमीचीच एक द्या, दोन कधीच नाही. संध्याकाळचा चहा बंद, बशीतला घोटभरसुद्धा नाही. गच्चीवर सगळे जागे असले तरी त्याचं अंथरूण ठरल्या वेळी पडू द्या, आणि मोबाइल खाली घरात ठेवा.

उन्हाचं मला जास्त भय वाटतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. गोळीनं तोंड कोरडं पडतं, आणि खेळात गुंगला की त्याला तहानेचं भान राहत नाही. पाणी मागेल याची वाट पाहू नका, हातात पेला द्या. पन्हं, ताक, काहीही चालेल. अकरा ते चार घरात.

गोळ्या टिनाखालच्या खोलीत तापतील. त्या माजघरातल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवा, शेजारची लेकरं घरात येतात म्हणून. गोळी अख्खी गिळायची, फोडून किंवा कुटून दुधात द्यायची नाही. ती दिवसभर हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते. संपली तर गावातल्या मेडिकलवाल्याकडे मिळणार नाही. हे औषध अनुसूची 'एक्स' मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. बाबा, यावरून तुम्ही "नशेचं औषध तर नाही?" असं विचारलं होतं. गैरवापर होऊ शकतो म्हणून हा कडक कायदा आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात आणि देखरेखीखाली मुलाला त्याचं व्यसन सहसा लागत नाही.

आई, संक्रांतीला तू म्हणालीस, "लेकराचं हसू कुठं गेलं वो?" ते मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. डोस जास्त झाला की मूल असं गप्प, कोमेजल्यासारखं दिसतं, म्हणून त्यांनी तो कमी केला. आता शाळेतही बसतो आणि घरी प्रश्न विचारून भंडावतो. तुझ्या नजरेला जे दिसतं ते आम्हाला रोजच्या धावपळीत निसटतं. तेव्हा तसं पुन्हा दिसलं, किंवा डोळे सारखे मिचकावू लागला, मान झटकू लागला, तर मला सांग.

छातीत दुखतंय म्हणाला, धावताना चक्कर येऊन पडला, किंवा नसलेलं काही दिसतंय-ऐकू येतंय म्हणाला, तर माझ्या फोनची वाट न पाहता १०८ बोलवा आणि दवाखान्यात न्या. पुढची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. असं होणं फार क्वचित, पण माहीत असलेलं बरं.

बाबा, शेवटी एक गोष्ट तुम्हालाच विचारायची आहे. घराण्यात कोणी कमी वयात अचानक गेलं का, असं मॅडम विचारतात, कारण या गोळीनं हृदयाचे ठोके थोडे वाढतात. वेदूचा ईसीजी चांगला आला आहे. पण तुमचे धाकटे काका तिशीच्या आत वावरात बसल्या जागी गेले, असं आत्या सांगते. त्यांना आधी काही त्रास होता का, की पान लागलं, म्हणजे साप चावला होता? गावातल्या जुन्या माणसांना विचारून वेदू यायच्या आधी मला नक्की कळवा. मॅडमना सांगायचं आहे.

तुमची,
सुमी