रेकॉर्डची खरखर घालवणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री,

सादर नमस्कार.

तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर काखोटीला मारून येणारे आम्ही बरेच जण आहोत. कोणी पेडण्याचा, कोणी डिचोलीचा, कोणी मडगावहून दोन बस बदलून येणारा. ऐकतो मात्र सगळे तेच इंग्रजी रॉक: बीटल्स, झेपेलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड. दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतलेत, आम्ही दिले, तो व्यवहार झाला. पण पैशात न बसणारं बरंच काही तुमच्याकडून मिळालं आणि त्याचे आभार दुकानाच्या काउंटरवर नीट मानता येत नाहीत. म्हणून हे पत्र.

तुम्ही प्रत्येक मशीन आमच्यासमोर उघडलंत. काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा कधी बिघडेल, सगळं दाखवलंत. जुन्या रेकॉर्डची खरखर, दबलेला आवाज, किंचित संथ चाल, यालाच आम्ही जुन्या काळाची गोडी समजत होतो. तुम्ही भिंग हातात देऊन म्हणालात, "ही बुरशी बघा. रेकॉर्ड १९७३ सालची आहे, पण खरखर या जुलैतली आहे." त्या अल्बमची, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची, सुरुवात शांततेतून हळूहळू वर येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांनी होते. रेकॉर्ड धुतल्यावर ती शांतता पहिल्यांदा ऐकू आली.

सगळ्यात मोठं ऋण आहे ते तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या मशीनांचं. गोव्यात चांगले टर्नटेबल आले ते मुख्यतः बोटीवरच्या लोकांच्या सामानातून. त्यातले अमेरिकन बंदरातून घेतलेले १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे. घरी आणल्यावर प्रत्येकाने तेच केलं: स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि प्रश्न मिटला असं समजला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, हे तुम्ही आम्हाला कागदावर मांडून दाखवलंत. बेल्टवाल्या जुन्या मशीनांतली सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे ३३⅓ फेऱ्यांऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेऱ्या. पट्टी तीन अर्धस्वरांहून थोडी जास्त उतरते: पांढरी सहातलं गाणं काळी तीनच्याही जरा खाली वाजतं. १९७१ च्या झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवरचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटं दोन सेकंदांचं. अशा मशीनवर ते साडेनऊ मिनिटांच्या पुढे जातं. घरात गिटार वाजवणारी मुलं रेकॉर्डशी सूर जुळेना म्हणून गिटारला दोष देत होती.

तुम्ही सांगितलेली तपासणी कोणालाही जमेल अशी आहे. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवायचा, सुई रेकॉर्डवर ठेवायची आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजायच्या. ३ मिनिटांत १०० भरल्या की गती बरोबर. ८३ भरल्या तर मशीन ६० हर्ट्झचं आहे. बारीक तपासणीसाठी स्ट्रोबची चकती, जिच्या रेघा गती बरोबर असली की विजेच्या दिव्याखाली थांबल्यासारख्या दिसतात, तीही ५० हर्ट्झची, ३३⅓ साठी १८० रेघांची. २१६ रेघांची चकती ६० हर्ट्झच्या देशांसाठी असते आणि इथे ती फसवते. चकतीवर उजेड निऑनचा किंवा जुन्या पिवळ्या बल्बचा हवा. एलईडी बल्बचं लुकलुकणं भरवशाचं नसतं, त्यामुळे चांगलं मशीनही रेघा पळवतं आणि माणूस उगीच स्क्रू फिरवत बसतो.

उपाय तुम्ही लेथवर केलात. मोटरची पुली १० मिलिमीटरची असेल तर ५० हर्ट्झला १२ मिलिमीटरची लागते, सहास पाच या प्रमाणात. पितळेची, अगदी गोल, कारण केसाएवढा फरकही प्रत्येक फेरीला ऐकू येतो. आणि १२० व्होल्टची मोटर ५० हर्ट्झवर जास्त करंट ओढून तापते म्हणून ट्रान्सफॉर्मरचा १०० व्होल्टचा टॅप वापरायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. क्वार्ट्झवर चालणाऱ्या, बेल्ट नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्ह मशीनांना यातलं काहीच लागत नाही, नुसतं व्होल्टेज जुळवलं की झालं. अशी मशीनं घेऊन आलेल्यांना तुम्ही एक पैसाही न घेता परत पाठवलंत.

गती बरोबर आली की ती स्थिर आहे का, हे बघायला तुम्ही बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची दुसरी बाजू लावायचात, शेवटचा पियानोचा लांब सूर, चाळीसेक सेकंद विरत जाणारा. बेल्ट सैल असेल तर तो सूर पाण्यावरच्या सावलीसारखा डुलतो. नवा बेल्ट मागवताना दोऱ्याने मार्ग मोजायचा आणि पाच टक्के कमी धरायचं; ६० सेंटिमीटर दोरा भरला तर बेल्ट ५७ चा. जुना बेल्ट आपल्या उकाड्यात वितळून डांबरासारखा चिकटतो. तो पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघाल्याशिवाय नवा चढवायचा नाही. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालणाऱ्यांची मशीनं तुम्ही किती वेळा खरवडून साफ केलीत, ते आम्ही पाहिलं आहे. खोबरेल काही महिन्यांत गोंद होतं.

मग ती रोशेल मिठाची गोष्ट. साठच्या दशकातल्या साध्या पेटीप्लेअरना क्रिस्टल कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) असायचे आणि गोव्यातला जवळजवळ प्रत्येक मेलेला. आम्हाला वाटायचं अँप्लिफायर गेला. तुम्ही कार्ट्रिज फोडून आतला चुरा तळहातावर घेऊन दाखवलात, ओलसर, साखर पाघळावी तसा. तो स्फटिक म्हणजे एक प्रकारचं मीठच, हवेतला दमटपणा पिऊन विरघळणारं. चार पावसाळे काढले तरी खूप. त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवलं की पेटी पुन्हा बोलते, आणि सिरॅमिकला दमटपणाचं भय नाही. मॅग्नेटिक बसवायचं तर मात्र फोनो प्रीअँप हवाच. त्याचा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना कमी केलेला बेस आणि वाढवलेला ट्रेबल पूर्ववत करायचा असतो. थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये जोडलं तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. त्यात रेकॉर्डचा दोष नसतो.

सुईवरचं चार आण्याचं नाणंही तुम्ही उतरवलंत. सुई उडते म्हणून हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या कार्ट्रिजवाल्या टोकावर नाणं ठेवायची सवय सगळीकडे होती. ते स्टीलचं नाणं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. ज्या कार्ट्रिजला २ ग्रॅम पुरे, त्यावर ते ठेवलं की भार दुपटीहून जास्त होतो, आणि प्रत्येक ऐकण्याबरोबर वरचे सूर खरवडले जातात, कायमचे. सुई उडते ती बहुतेक वेळा आर्मच्या बेअरिंगमध्ये साचलेल्या मळामुळे किंवा मशीन सपाट नसल्यामुळे. आधी स्पिरिट लेव्हल ठेवा, मग नाण्याचा विचार करा, हा तुमचा क्रम आता आम्ही नवीन लोकांना सांगतो. अँटीस्केटिंग (आर्म आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला ताण) शून्यावर ठेवून आर्म हवेत तरंगेल असं तोलायचं, वजनाची चकती शून्यावर आणायची, मग हवा तेवढा भार द्यायचा आणि सोनाराकडे असतो तसल्या ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर तपासायचा. काट्याची ताटली रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, वर ठेवली तर आकडा चुकतो.

आणि सुई हजार तासांच्या पुढे चालवायची नाही, साधी असेल तर पाचशेतच बदलायची. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला पाचशे तास म्हणजे दोन वर्षं. झिजलेल्या सुईचा बभ्रा सगळ्यात आधी कुठे होतो, तेही तुम्ही दाखवलंत: लेबलाजवळ. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते, आतल्या टोकाला फक्त २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. 'स्टेअरवे' पहिल्या बाजूच्या शेवटी आहे, म्हणजे त्यातला सगळ्यात जोराचा भाग नेमका या अडचणीच्या पट्ट्यात येतो. तिथे गायकाचा आवाज चिरकला की आम्ही म्हणायचो, रेकॉर्ड गेली. तुम्ही कार्ट्रिज बसवायचा कोन प्लॅटरच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन खुणांवर जुळवलात, नवी सुई लावलीत, आणि तीच रेकॉर्ड शेवटपर्यंत स्वच्छ वाजली.

पावसाळ्याबद्दल काय लिहावं! वर्षाला १२० इंचांच्या आसपास पाऊस, चिऱ्याच्या भिंती पाणी धरून ठेवणाऱ्या, आणि चवथीआधी घर झाडताना रेकॉर्डची पेटी हमखास भिंतीला टेकवून ठेवलेली. बुरशी विनाइल खात नाही, ती कागदी कव्हर, धूळ आणि बोटांचं तेल खाते, हे कळल्यावर आमची निम्मी काळजी गेली. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे. रेकॉर्ड उभ्या, बोट सहज शिरेल इतक्या सैल. पीव्हीसीची पारदर्शक पिशवी नको, ती कालांतराने रेकॉर्डवर धुरकट डाग सोडते, पॉलिथिनची हवी. कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतात तसा इथे ठेवायचा नाही, कारण जवळच्या रेकॉर्ड वाकतात. बंद पेटीला २०० ग्रॅम सिलिका जेल, निळ्याची गुलाबी झाली की ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा निळी. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही, हे तुम्ही प्रत्येक पुडीवर हाताने लिहून दिलंत.

धुण्याचं पाणी तीन भाग डिस्टिल्ड, एक भाग आयसोप्रोपिल, लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्याहून जास्त नाही. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वाळल्यावर खोबणीत क्षार ठेवतं आणि धुतलेली रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त खरखरते. खोबणीच्या दिशेने गोल फिरवत पुसायचं, लेबलावर थेंब नाही, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने एक हात आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून पंख्याखाली वाळवायची. उन्हात कधीच नाही.

इथेच तुम्ही एकाची मोठी चूक ऐन वेळी थांबवलीत. त्याच्याकडे बीटल्सच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड होत्या. चावीचे ग्रामोफोन आपल्याकडे साठच्या दशकातही वाजत होते, म्हणून ती गाणी भारतात ७८ वरही निघाली, आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. त्या लाखेच्या. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि गाणं फडक्यावर येतं. तुम्ही बाटली त्याच्या हातातून काढून घेतलीत, नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश दिलात, आणि ३ मिलची (इंचाच्या तीन सहस्रांशांची) जाड सुई लावून दिलीत, कारण एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन मळच वाचते.

कॅसेटकडेही तुम्ही दुर्लक्ष केलं नाहीत. रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी बसून केलेलं १९८४ चं 'गोअन क्रेझी' कॅसेटवरूनच आमच्या घराघरांत पोहोचलं होतं, त्यामुळे हेही आम्हाला रेकॉर्डइतकंच जवळचं. टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवायची नाही, हेडवरून बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आवाज दबला तर आधी टेपमागच्या फेल्टच्या गादीचा तुकडा पडलाय का बघा, मग हेडचा अझिमथचा, म्हणजे टेपशी हेडचा कोन जुळवायचा स्क्रू एकअष्टमांश फेरा, जास्तीत जास्त झांजेचा आवाज येईपर्यंत, आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब.

मेस्त्री, तुम्ही आम्हाला हे सगळं शिकवलंत आणि कधी "हे टाकून नवीन घ्या" म्हणाला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. यंदा मे महिन्यातच सगळ्यांनी सिलिका भाजून ठेवली आहे. दोघांचे बेल्ट सुटत आलेत. दोऱ्याने मोजून, पाच टक्के वजा करून, माप चिठ्ठीवर लिहून पाठवत आहोत. एक ५७, एक ६४.

आपले,
तुमच्या बाकावर रेकॉर्ड ऐकलेले आम्ही सगळे